कोहळा, कबर आणि कॉकटेल

हॅलोविन म्हणजे फॉरेनचं फॅड, असं वाटत असेल तर एकदा कोल्हापुरातल्या शरद ऋतूकडे बघा. इथं राक्षस आहे, भोपळ्याचा सख्खा भाऊ आहे आणि उंच ग्लासात थरावर थर लावायची जुनी सवयही आहे. एका गच्चीवरच्या भुताळी पार्टीची आणि तिच्यासाठी केलेल्या डेझर्टची ही गोष्ट.

"ए, एकतीसला काय करायलीस?"

बेंगळुरूच्या मैत्रिणीचा फोन. दिवाळीला घरी यायचं तिकीट कन्फर्म झाल्या झाल्या तिनं पहिला फोन मला लावला होता.

"काही नाही. का गं?"

"हॅलोविन आहे की! तुझ्या गच्चीवर पार्टी करूया. तू ते कबरस्तानवालं डेझर्ट कर. मी चेटकिणीची टोपी घेऊन येतो."

(कोल्हापूरच्या मुली 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणतात. पाच वर्षं बेंगळुरूत काढून, एमएनसीत टीम लीड होऊनही तिचं ते सुटलेलं नाही. सुटू पण नये.)

मी कॅलेंडर बघितलं. गुरुवार, ३१ ऑक्टोबर २०२४. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, नरकचतुर्दशी. म्हणजे पहाटे अभ्यंगस्नान करून तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट चिरडायचं, नरकासुराचा खात्मा करायचा, आणि रात्री चेटकिणीच्या टोप्या घालून कबरीतलं पुडिंग खायचं. एकाच दिवशी दोन्ही! असं कॉम्बिनेशन रोज रोज येत नाही. मी लगेच 'हो' म्हणून टाकलं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपल्या घरी या वर्षी दिवाळीच नाहीये.

कढई चढवायची नाही

जुलैमध्ये आबा गेले. आबा म्हणजे माझे आजोबा, आईचे सासरे. बाबा मी लहान असतानाच गेले, त्यामुळे आमचं घर तीन माणसांचं होतं. आबा, आई आणि मी. आता दोघींचं झालं.

घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. आकाशकंदील लावायचा नाही, तळण काढायचं नाही, फराळ शेजारपाजारचे आणून देतात. आईच्या भाषेत एकच नियम, "कढई चढवायची नाही." आणि मी तिला सांगणार होते की आपल्या गच्चीवर कबरस्तानाची थीम पार्टी आहे!

दोन दिवस मी विषयच काढला नाही. मास कॉम करताना आम्हाला शिकवलं होतं की अवघड प्रश्न मुलाखतीच्या शेवटी विचारायचा. तिसऱ्या दिवशी रात्री भांडी आवरता आवरता विचारलं, "आई, एकतीसला सात-आठ जण गच्चीवर आले तर चालेल का? सण म्हणून नाही, असंच. सगळ्या बाहेरगावच्या, वर्षातनं एकदा भेटतात."

"येऊ देत की. खायला काय करणार?"

"एक गोड. फ्रिजमध्ये सेट होतं. तळायचं काही नाही."

"कढई लागत नाही ना?"

"नाही. पातेलं लागतं."

"मग कर."

नियम पाळला गेला होता. कबरींचा भाग मी शिताफीनं गाळला, हे मान्य करते.

त्यांचा भोपळा, आपला कोहळा

मैत्रिणीला हवं होतं ते डेझर्ट अमेरिकेत 'डर्ट केक' किंवा 'डर्ट पुडिंग' म्हणून फेमस आहे. काचेच्या भांड्यात पुडिंगचे थर, वर चॉकलेट बिस्किटांचा चुरा म्हणजे माती, मातीत खोचलेली बिस्किटांची थडगी आणि मधूनच डोकावणारे जेलीचे किडे. दिसायला किळसवाणं, खायला एकदम झकास. फंडा सिम्पल आहे. काच पारदर्शक असल्यामुळे जमिनीखाली काय काय गाडलंय ते बाहेरून दिसतं.

पण मला ते जसंच्या तसं उचलायचं नव्हतं. किडे आणि कवट्या ऑनलाइन मागवता येतात, त्यात मजा काय? म्हणून मी आधी थोडं वाचायला बसले, आणि वाचता वाचता गंमतच वाटायला लागली.

हॅलोविनचं मूळ शोधलं तर ते आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या 'साविन' नावाच्या जुन्या सणात सापडतं. सुगी संपली, थंडी आणि अंधार सुरू झाला, या काळात जिवंत आणि मेलेल्यांमधला पडदा पातळ होतो अशी समजूत. आयरिश लोक तेव्हा भोपळा नाही, सलगम पोखरून त्याचा दिवा करायचे. एकोणिसाव्या शतकात ते मोठ्या संख्येनं अमेरिकेत गेले, तिथं त्यांना भोपळा मिळाला, आकारानं मोठा आणि पोखरायला सोपा, आणि सलगम मागं पडलं.

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो, साखरेच्या रंगीत कवट्या करतात. इटलीत याच दिवसांत 'मेलेल्यांची हाडं' नावाची कडक बिस्किटं मिळतात. आपल्याच देशात बंगालमध्ये कालीपूजेच्या आदल्या रात्री भूत चतुर्दशी असते. चौदा दिवे लावायचे आणि चौदा प्रकारच्या पालेभाज्या खायच्या, चौदा पिढ्यांच्या पूर्वजांसाठी. आणि आपण काय करतो? भाद्रपद संपता संपता पानावर खीर वाढतो आणि कावळ्याची वाट बघत उभे राहतो. गेलेल्या माणसांसाठी गोड करायची पद्धत फक्त परदेशात आहे, असं कुणी म्हणू नये.

पितरांचा पंधरवडा संपला की आपल्याकडे राक्षसांचा सीझन सुरू होतो. नवरात्रात महिषासुर, दिवाळीत नरकासुर. आणि आम्हा कोल्हापूरकरांचा तर स्पेशल, घरचा राक्षस आहे. कोल्हासुर. ज्याच्या नावावर अख्खं शहर आहे!

कथा अशी. कोल्हासुरानं करवीर नगरीत धुमाकूळ घातला, अंबाबाईनं त्याला मारलं. मरताना त्यानं वर मागितला की या गावाला माझं नाव राहू दे आणि दरवर्षी माझ्या नावानं कोहळ्याचा बळी दिला जाऊ दे. देवीनं दोन्ही मान्य केलं. पुढचा भाग अजून इंटरेस्टिंग आहे. युद्धात मदत करणाऱ्या त्र्यंबोलीला विजयाच्या सोहळ्यात बोलवायचंच राहून गेलं. ती रुसून शहराबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली.

म्हणून आजही नवरात्रातल्या पाचव्या दिवशी, ललिता पंचमीला, अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीला भेटायला जाते. तिथं कोहळा फोडायचा विधी होतो. तो कोण फोडतं माहितीये? गुरव घराण्यातली एक छोटी कुमारिका, हातात त्रिशूळ घेऊन. कोहळा फुटला रे फुटला की त्याचा तुकडा मिळवायला अशी झुंबड उडते की पोलिसांना घाम फुटतो. ज्याला तुकडा मिळतो तो घरी नेऊन जपून ठेवतो.

लहानपणी मी हे सगळं आबांच्या खांद्यावर बसून बघितलंय. गर्दीत मला फक्त एक लाल परकर आणि त्रिशूळाचं टोक दिसायचं. एका वर्षी आबांच्या हाताला चिंचोक्याएवढा तुकडा लागला होता, तो त्यांनी टोपीत घालून घरी आणला. २०२४ च्या पंचमीला आम्ही गेलो नाही.

तेव्हा ठरलं. माझ्या कबरीत भोपळा नाही, कोहळा असणार.

आबांचं कॉकटेल

आता थर लावायचा प्रश्न. खरं सांगू का, थरांचं डेझर्ट कोल्हापूरकराला कुणी शिकवायची गरज नाही. आमच्याकडं 'कॉकटेल' म्हटलं की बाहेरचा माणूस दचकतो. दारूचा आणि त्याचा काहीएक संबंध नाही. उंच काचेचा ग्लास, त्यात फळांचे तुकडे, जेली, आइस्क्रीम, पुन्हा फळं, पुन्हा आइस्क्रीम, वर सुकामेवा आणि टोकाला चेरी. रात्री जेवून कुटुंबासकट कॉकटेल खायला जाणं हे अस्सल कोल्हापुरी आउटिंग.

रिझल्ट लागला की आबा मला न्यायचे. मार्क किती पडले याच्याशी कॉकटेलचा संबंध नसायचा. मी वरून एकेक थर संपवत खाली जायचे. आधी चेरी, मग आइस्क्रीम, मग जेली. आबांना ते अजिबात पटायचं नाही. ते लांब चमचा थेट तळापर्यंत घालायचे आणि सगळे थर एका घासात वर काढायचे. "असं सुटं सुटं काय खातीस? खालपर्यंत चमचा घाल!"

माझ्या कबरीचा आराखडा कागदावर काढला तेव्हा लक्षात आलं की आपण त्याच ग्लासाचं चित्र काढतोय. सगळ्यात खाली रक्त, म्हणजे आमसुलाची जेली. त्यावर धुकं, म्हणजे दुधाचं पांढरं पुडिंग. धुक्यात हाडं, म्हणजे कोहळ्याच्या पाकवलेल्या कांड्या. त्यावर बिस्किटांच्या चुऱ्याची माती. मातीवर भुतं, आणि भुतांसाठी चक्क्याचं घट्ट श्रीखंड. वारणेचं श्रीखंड खाऊन मोठ्या झालेल्या पोरीला भूत पांढरं, गोड आणि किंचित आंबटच असणार!

'हाडं' हा शब्द मात्र मी घरात उच्चारला नाही. जुलैमध्ये पंचगंगेच्या घाटावर आम्ही दोघी अस्थी घ्यायला गेलो होतो. आईसमोर मी त्याला 'पेठा' म्हणत होते.

पहिला अटेम्प्ट, पहिला कचरा

रविवारी ट्रायल घेतली. रिझल्ट? नापास, तोही सणसणीत.

चायना ग्रास आणि आमसुलाचं सरबत मी एकत्रच खळखळून उकळलं. जेली काही जमली नाही, फ्रिजमध्ये चार तास ठेवूनही ग्लास हलवला की डुचमळत होती. मग कळलं की आंबट पदार्थाबरोबर उकळलं की चायना ग्रासची जमायची ताकद कमी होते. ते आधी साध्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं, गॅस बंद करायचा आणि मग आंबट मिसळायचं.

दुसरी चूक घाईची. अर्धवट जमलेल्या जेलीवर मी गरम पुडिंग ओतलं. रक्त आणि धुकं मिसळून ग्लासात एक गुलाबी चिखल तयार झाला. तिसरी चूक, बिस्किटांची थडगी आदल्या रात्रीच खोचून ठेवली. सकाळी फ्रिज उघडला तर सगळी थडगी मऊ पडून मातीवर आडवी! भूकंप झालेलं कबरस्तान.

आईनं ग्लास उचलून उजेडात धरला. "हे काय आहे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. हॅलोविन, कबर, थडगी, भुतं. ती ऐकत होती. मग तिनं आडव्या पडलेल्या बिस्किटाकडं बोट केलं.

"आणि ह्यावर काय लिहिणार?"

"नावं. म्हणजे माणसांची नाही गं. 'इथे चिरनिद्रा घेत आहे जिमचा वार्षिक पास', असलं काहीतरी. जोक."

"भुतांना डोळे कशाचे लावणार?"

"काळे तीळ."

"तीळ नको," ती म्हणाली. "ते पितरांचे असतात. चॉकलेट लाव."

बस्स, एवढंच. रागावली नाही, हसली नाही. ग्लासातला गुलाबी चिखल मात्र तिनं चमच्यानं चाखून बघितला आणि म्हणाली, "आमसूल छान लागतंय."

पहिला घाव कुणाचा?

बुधवारी कपिलतीर्थ मार्केटमधून कोहळा आणला. चांगला पाच किलोचा, अंगावर पांढरी पावडर असलेला. हात लावला की बोटं पांढरी होतात. त्याला कबरीत पुरायचीही गरज नव्हती, तो मुळातच भुतासारखा दिसत होता.

ओट्यावर ठेवला आणि मी सुरी घेतली.

"थांब," आई म्हणाली.

तुमच्याही घरी हे असेल. अख्खा कोहळा बाईनं फोडायचा नाही. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बाईनं चिरायचा. कोहळा म्हणजे बळी, म्हणजे जवळजवळ माणूसच, असं जुनी माणसं मानतात. आमच्याकडं हा पहिला घाव आबांचा असायचा. त्यांचा एक छोटा कोयता होता. कोहळ्यावर एकच मारायचे, दोन फाका व्हायच्या आणि "घ्या, झाला तुमचा राक्षस मोकळा" म्हणून हात धुवायला जायचे. मोठं काही नव्हतं, दहा सेकंदांचं काम. पण त्या दहा सेकंदांसाठी आता घरात कुणी नव्हतं.

मला राग आला होता, खरं तर. हे असलं काही मी मानत नाही. मी पुण्यात एकटी राहिले, एकटीनं घरं शिफ्ट केली, गॅस सिलिंडर चढवले. एक कोहळा मला कापता येत नाही? पण आईचा चेहरा बघून गप्प बसले. तिला नियमाची भीती वाटत नव्हती. जुलैपासून ती घरातली अशी एकेक जागा शोधत होती जिथं आबा उभे असायचे, आणि ही एक नवी सापडली होती.

"शेजारच्या काकूंच्या मुलाला हाक मारू का?" मी विचारलं.

ती काही बोलली नाही. आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात आबांचा कोयता होता.

"पंचमीला टेंबलाईवर कोहळा कोण फोडतं?"

"कुमारिका."

"मग? लग्नाचं नाव काढत नाहीस, एवढा तरी उपयोग होऊ दे!"

आणि तिनं कोयता माझ्या हातात दिला.

माझ्याकडून एका घावात झालं नाही. तीन लागले. तिसऱ्याला कोहळा कर्रकन उकलला, पाणी ओट्यावर सांडलं आणि एक फाक सरळ सिंकमध्ये गेली. आई हसायला लागली. जुलैनंतर तिला असं पोट धरून हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. मग पदरानं डोळे पुसत ती विळीवर बसली आणि म्हणाली, "दे इकडं. कांड्या मी करते. तुझ्याच्यानं एकसारख्या व्हायच्या नाहीत."

आणि मग गच्चीवर

एकतीसच्या संध्याकाळी आजूबाजूच्या सगळ्या बिल्डिंगवर आकाशकंदील लागले होते, आमची गच्ची तेवढी अंधारी होती. हॅलोविनला त्याहून भारी डेकोरेशन कुठलं? मैत्रिणीनं खरंच चेटकिणीची टोपी आणली होती, नऊवारी नेसून त्यावर घातली होती. दुसरी एक हडळ म्हणून केस मोकळे सोडून आली होती, पायात उलट्या घातलेल्या कोल्हापुरी चपला! तिसरा मित्र आयटीतला, तो ऑफिसच्या कपड्यातच आला आणि म्हणाला, "मी झोंबी आहे, मेकअपची गरज नाही."

ग्लास बाहेर काढले तेव्हा सगळ्यांचे मोबाइल बाहेर आले. टॉर्च मागून मारला की लाल जेली पेटल्यासारखी दिसते आणि कोहळ्याच्या कांड्या धुक्यात अर्धवट तरंगतात. कॉन्सेप्ट एकदम हिट!

थडगी मी शेवटच्या क्षणी खोचली. वितळवलेल्या चॉकलेटनं आधीच लिहून ठेवली होती. 'जिमचा पास, जानेवारी ते जानेवारी'. 'स्पर्धा परीक्षेचा चौथा अटेम्प्ट'. 'नोटीस पीरियड'. एकीनं स्वतः पेन्सिलसारखी टूथपिक घेऊन चॉकलेटमध्ये बुडवली आणि लिहिलं, 'लाँग डिस्टन्स'. त्यावर कुणी काही विचारलं नाही. ज्याला त्याला पुरायचं काहीतरी असतंच, आणि बिस्किटावर लिहिलं की ते खाऊन टाकता येतं, एवढाच त्यातला फायदा.

आई वर येईल असं मला वाटलं नव्हतं. ती शेजाऱ्यांनी दिलेल्या चकल्यांचं ताट घेऊन आली. सगळ्यांना वाढून झाल्यावर रिकाम्या बिस्किटांकडं बघत म्हणाली, "एक मला पण लिहून दे गं."

"काय लिहू?"

"आबांची गुडघेदुखी."

दोन सेकंद सगळे शांत. मग आईच आधी हसली, आणि तिच्यामागून आम्ही सगळे. खरंच होतं ते. शेवटची दहा वर्षं त्या गुडघ्यांनी आबांना जिना चढू दिला नव्हता. ते कधी या गच्चीवर येऊच शकले नाहीत. मेलं तर ते दुखणं मेलं होतं.

मी ते थडगं तिच्या ग्लासात खोचलं. तिनं आधी ते खाल्लं. मग लांब चमचा घेतला, भुताला बाजूला सारलं आणि थेट तळापर्यंत घातला. माती, हाडं, धुकं, रक्त, सगळं एका घासात वर आलं.

"असंच खायचं असतं हे," ती माझ्या मैत्रिणीला सांगत होती. "सुटं सुटं खाल्लं तर काही लागत नाही."

आता वर्ष सरलंय. घरात कढई पुन्हा चढलीये आणि चकल्या आमच्याकडून शेजारी जातात. पण कोहळा आला की आई मला हाक मारते. कोयता तिच्या हातात तयार असतो. माझा रेकॉर्ड सध्या दोन घावांवर आलाय.

चौकट : कोल्हासुराची कबर (८ ग्लास)

रक्त : ६ ग्रॅम चायना ग्रास २० मिनिटं पाण्यात भिजवा, मग निथळून ३०० मिली पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. गॅस बंद करून त्यात २०० मिली आमसुलाचं गोड सरबत (सिरप) घाला. सिरप फ्रिजमधलं गार नको, साधं हवं. ग्लासात ओतून नीट जमू द्या. ग्लास थोडा तिरका टेकवून ठेवला तर थर तिरका जमतो, जास्त भीतिदायक दिसतो.

धुकं : अर्धा लिटर दुधातलं थोडं गार दूध बाजूला काढून त्यात ३ टेबलस्पून कॉर्नफ्लोअर कालवा. उरलेल्या दुधात ४ टेबलस्पून साखर घालून उकळा, कालवलेलं मिश्रण घालून दाट होईपर्यंत हलवा. वेलची घाला. पूर्ण गार झाल्यावरच जेलीवर ओता. इथं घाई केलीत तर गुलाबी चिखल!

हाडं : साल, बिया आणि मधला भुसभुशीत भाग काढलेला अर्धा किलो कोहळा घ्या. करंगळीएवढ्या कांड्या करून त्यांना काट्यानं टोचे मारा. पाण्यात आठ-दहा मिनिटं, कडा पारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि निथळा. ३०० ग्रॅम साखर, १५० मिली पाणी आणि लिंबाचे चार थेंब यांच्या पाकात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं मुरवा. गार करून, जास्तीचा पाक निथळून धुक्यात खोचा. काही कांड्या काचेला चिकटवून उभ्या ठेवा, बाहेरून दिसायला हव्यात.

माती : क्रीमची चॉकलेट बिस्किटं ३०० ग्रॅम. क्रीम काढून लाटण्यानं भरड चुरा करा. अगदी पीठ नको, मातीत ढेकळं असतातच. वाढण्याआधी तासभर घाला.

भुतं : पाव किलो चक्का रात्रभर टांगून एकदम घट्ट करा. ४ टेबलस्पून पिठीसाखर घालून हलक्या हातानं फेटा. साखर जास्त झाली की भूत बसकं होतं. प्लास्टिकच्या पिशवीचं टोक कापून मातीवर उभी भुतं काढा, चॉकलेटचे डोळे लावा.

थडगी : मारी किंवा ग्लुकोज बिस्किटं, वर वितळलेल्या चॉकलेटनं मजकूर. पाहुणे बसल्यावरच खोचा. लिहायचं काय, ते तुमचं तुम्ही ठरवा.

चमचा : लांबच घ्या. तळापर्यंत पोचला पाहिजे.